बाळ सुटं आहे का? नाताळच्या बाजारातल्या सामानाची पारख

येशूजन्माच्या देखाव्याचा, म्हणजे गोठ्याचा, संच हातात घेतलात की आधी बाळ उचलून बघा. गव्हाणीतून अलगद निघालं तर पुढची पाहणी करा. गव्हाणीला चिकटवलेलं असेल, किंवा गव्हाण आणि बाळ एकाच साच्यात ओतलेलं असेल, तर संच कितीही देखणा असो, परत ठेवा. घरचा गोठा डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उभा राहतो, पण बाळ त्यात २४ तारखेच्या रात्री, मिस्साहून किंवा उपासनेहून परतल्यावर ठेवायचं असतं. तोवर गव्हाण रिकामी. मरीया आणि योसेफ रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसलेत, हेच आगमनकाळाचं, म्हणजे नाताळाआधीच्या वाट बघण्याच्या आठवड्यांचं, चित्र. चिकटवलेलं बाळ ते चित्रच पुसून टाकतं. दुकानदाराला विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सुटं असलं की हरवतं ना!’ हरवतं, हे खरं आहे. त्यावरचा उपाय शेवटी येईलच.

बांद्र्याचा हिल रोड, क्रॉफर्ड मार्केट, पुण्याचा कॅम्प, वसईतल्या चर्चच्या आवारात रविवारी लागणारे स्टॉल, आणि ऑनलाइन दुकानं, अशा सगळीकडे या दिवसांत जे मिळतं त्याची ही पारख आहे: गोठा, आगमनाचं चक्र, चॉकलेटचं कॅलेंडर, तारा, भेटीचे हॅम्पर. बराचसा माल बिननावाचा असतो, म्हणून नावापेक्षा वस्तू बघितलेली बरी. कसोटी एकच लावली आहे. ही वस्तू घरात आली की प्रभूची वाट बघायला आणि शेजाऱ्याच्या हातात काही ठेवायला मदत होते, की ती नुसती कोपरा अडवते?

आधी तारखांचा घोळ मिटवू, कारण निम्मं सामान तिथेच चुकतं. आगमनकाळ ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाला, सर्वांत जवळ असलेल्या रविवारी सुरू होतो. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर. चौथा आठवडा पुरा सात दिवसांचा असतोच असं नाही. २०२३ मध्ये तर चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला होता. नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. बाजाराचा नाताळ मात्र दिवाळीचा माल हलला की सुरू होतो आणि २६ तारखेला ‘पन्नास टक्के सूट’ची पाटी लावून संपतो. म्हणजे चर्चचा सण सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी बाजार दुकान आवरायला घेतो!

गोठा: मूर्ती कोणत्या, कशाच्या

संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात जो गोठा मांडला त्यात मूर्ती नव्हत्याच. गव्हाण, गवत, एक बैल, एक गाढव. एवढ्या सामानावर त्या रात्रीची मिस्सा झाली. हाताशी पैसे कमी असतील तर अकरा नगांच्या भडक संचापेक्षा मरीया, योसेफ, सुटं बाळ आणि गव्हाण एवढंच चांगल्या घडणीचं घ्यावं. बाकीचं दरवर्षी एकेक जोडता येतं. बैल तर घरातच सापडेल. पोळ्याला किंवा बेंदराला आणलेला मातीचा बैल गोठ्यात सुरेख शोभतो. (बायबलमध्ये येशूजन्म सांगणाऱ्या लूक आणि मत्तय दोघांच्याही वृत्तांतात बैल-गाढव नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनातून गोठ्यात येऊन बसले आहेत.)

मापात फसगत फार होते. ‘६ इंची संच’ म्हणजे कोण सहा इंचांचं? कुठे उभा योसेफ, कुठे उंटावरचा राजा, कुठे पंखांसकट देवदूत. म्हणून उभ्या योसेफाची उंची विचारा. तो सहा इंच असेल तर गुडघ्यावर बसलेली मरीया चार-सव्वाचार इंच हवी आणि बाळ दीड ते दोन इंच. स्वस्त संचांत बाळ योसेफाच्या निम्मं असतं, तीन वर्षांच्या पोरासारखं. आणि मेंढरू तीन इंचांच्या वर गेलं की ते वासरू दिसतं. नग मोजताना गव्हाण वेगळी मोजली आहे का तेही बघा. काही खोक्यांवर ‘११ नग’ लिहिलेलं असतं आणि त्यात तीन मेंढरं, एक खजुराचं झाड आणि एक तारा मोजलेला असतो, पण मेंढपाळ एकही नसतो. ज्यांना बातमी सर्वांत आधी कळली तेच गायब.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती सर्वांत जास्त दिसतात. नाक-डोळे रेखीव येतात, किंमत परवडते. मोडतं ते ठरलेलं: योसेफाची काठी, देवदूताची बोटं, गाढवाचे कान. घेतानाच तळ उलटा करून पाहा. तळाला रंग नसतो, आणि वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या पावसाळ्यात ओल तिथूनच वर चढते. दोन वर्षांत झग्याच्या कडेला काळे ठिपके दिसू लागतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. मूर्ती घरी आणल्याबरोबर तळाला पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले की आयुष्य बरंच वाढतं. टवका उडाला तर फेविकॉलमध्ये पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड कालवून भरावी, वाळली की बारीक पॉलिश पेपरने घासून वर पोस्टर रंग लावावा. रेझिनच्या मूर्ती जड, महाग आणि टिकाऊ. त्या तुटल्या तर फेविकॉल उपयोगाचा नाही, दोन नळ्यांतला इपॉक्सी लागतो. कच्च्या शाडूची मूर्ती सुंदर दिसते, पण धान्य रुजवलेल्या ओल्या गोठ्यात ठेवू नका, पाय विरघळतात. भाजलेली माती चालते. घरात पाच वर्षांखालची मुलं असतील तर पोकळ प्लास्टिकचा किंवा लाकडाचा साधा संच घ्यावा आणि तो त्यांच्या हाताला लागेल असा ठेवावा. ‘हात लावू नको’ म्हणत महिनाभर राखलेला गोठा मुलांना आपला वाटत नाही. प्लास्टिकच्या मूर्ती हलक्या असतात, पंख्याने पडतात. तळाच्या भोकातून बारीक वाळू भरून टेप लावली की उभ्या राहतात.

सगळ्या मूर्ती एकाच पाटावर घट्ट बसवलेला संचही नापास. तीन राजांचा प्रवासच त्यात होत नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक (हेच ते राजे) आले ते ‘घरात’, गोठ्यात नव्हे, आणि ते तीनच होते असंही तो म्हणत नाही. म्हणून राजे २५ तारखेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवायचे. पोहोचायचं ६ जानेवारीला; आपल्याकडे कॅथॉलिक चर्चमध्ये त्यांच्या भेटीचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, सण २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी होतो, तो दिवस धरला तरी चालेल. हे काम घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे द्या. एखाद दिवशी राजे फ्रिजवर सापडतील, सापडू द्यात.

गोठा: छप्पर, डोंगर आणि पेंढा

तयार छपरांत थर्मोकोलचं घेऊ नका. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे ही एक गोष्ट. दुसरी, स्प्रे रंगातल्या द्रावकाने ते विरघळून खड्डे पडतात. तिसरी आणि महत्त्वाची, दिव्याच्या माळेजवळ ते पेट घेतं. दाबलेल्या भुशाच्या फळीचं छप्पर खोक्यात छान दिसतं, पण किनारपट्टीच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत कडा फुगतात. बांबूच्या चटईचं छप्पर तिन्हींत उजवं, आणि स्वस्त.

खरं तर ज्या घरात दिवाळीला किल्ला होतो त्या घराला तयार छप्पर लागूच नये. तीच माती, तेच गोणपाट. मापं अशी: सहा इंची योसेफासाठी तोंडाशी नऊ ते बारा इंच उंची, पाया दोन फूट बाय दीड फूट. मागे डबे किंवा विटा रचून उतार करायचा, मातीच्या पातळ राबडीत बुडवलेलं गोणपाट वर पसरायचं, हाताने चुण्या पाडून कडे-कपारी करायच्या आणि पुरे दोन दिवस वाळू द्यायचं. ओलंच ठेवून मूर्ती मांडल्या की आठवड्यात कुबट वास येतो आणि प्लास्टरचे पाय ओल ओढतात. डोंगराच्या मागच्या बाजूला लहान मेंढरं आणि पुढे मोठी ठेवली की दोन फुटांत मैलभराचं अंतर दिसतं.

हिरवळीसाठी हिरवा प्लास्टिक भुसा पिशवीतून विकतात, तो घेऊ नका. गोठ्यासाठी धान्य रुजत घालायची गोव्यात जुनी रीत आहे, आणि घट बसवणाऱ्या शेजारणीला ही कृती सांगावीही लागणार नाही. गहू रात्रभर भिजवून १४ किंवा १५ डिसेंबरला पसरट ताटलीत बोटभर मातीवर दाट पसरावेत, वर मातीचा हलका थर, आणि दिवसातून एकदाच हाताने पाणी शिंपावं. आठ-दहा दिवसांत वीतभर वाढतात. हळीव चार-पाच दिवसांत येतात, म्हणून ते १९-२० तारखेला. बिघडतं ते पाणी जास्त झाल्यामुळे. दाणे आंबतात आणि बुरशी धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंबाच्या बुडाशी पांढरी लव दिसली तर घाबरून फेकू नका. ती फक्त मुळापाशी आणि सारखी असेल तर मुळांचीच लव असते. कोळिष्टकासारखी दाण्यादाण्यांवर पसरली आणि वास आला तर ती बुरशी.

आता पेंढा. सगळ्या सामानात कमी पैशांत सर्वांत जास्त देणारी वस्तू हीच. रीत जुनी आहे: आगमनकाळात घरातल्या कुणी प्रेमाचं एखादं काम केलं की गव्हाणीत एक काडी ठेवायची, म्हणजे २४ तारखेच्या रात्री बाळाला मऊ बिछाना तयार. दुकानातलं सजावटीचं गवत कडक आणि रंगवलेलं असतं. त्यापेक्षा भाताचा पेंढा मिळवा. कापणी नुकतीच झालेली असते, वसई-कोकणात गावाकडून येणाऱ्या कुणाकडूनही मूठभर येतो. एक दिवस कडक उन्हात टाका, किडे निघून जातात. मग बोटभर लांबीचे तुकडे करून वाटीत गोठ्याशेजारी ठेवा. लांब काड्या ठेवल्यात तर तीन इंची गव्हाण पहिल्याच आठवड्यात भरते आणि पोरांना वाटतं काम संपलं.

ही रीत दुसऱ्या आठवड्यात हमखास फसते, कारण भावंडं काड्या मोजू लागतात. ‘माझ्या नऊ, तुझ्या चार.’ म्हणून वाटी सगळ्यांची एकच ठेवायची, काडी कुणी कशासाठी ठेवली ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. मोठ्यांनीही ठेवायच्या. आजीशी चढ्या आवाजात बोलल्यावर बाबा गुपचूप जाऊन आजीला चहा करून देतात आणि मग वाटीकडे वळतात, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

आगमनाचं चक्र आणि मेणबत्त्यांचं गणित

दर रविवारी एकेक वाढवत पेटवायच्या चार मेणबत्त्यांच्या चक्राचे तयार संच गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही भरपूर येऊ लागले आहेत. काही मराठी प्रोटेस्टंट मंडळींत अजून याकडे ‘कॅथॉलिकांची पद्धत’ म्हणून बघतात. ती सुरू केली ल्यूथरन पाळक योहान हिन्रिख विखर्न यांनी, १८३९ साली, हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी चालवलेल्या घरात. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना कळावं म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकी वारांच्या लहान लाल. कॅथॉलिक घरांत ही पद्धत नंतर आली. तेव्हा दोन्हीकडच्यांनी बिनदिक्कत घ्यावं.

आज चालतात त्या तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि हवी तर मधोमध पांढरी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. अनेक घरांत चारींना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात. क्रम चर्चप्रमाणे बदलतो, पण आनंद गुलाबीचा.

संच निवडताना सजावट बघू नका, मेणबत्तीची जाडी बघा. हिशेब सोपा आहे. २०२६ मध्ये पहिल्या रविवारपासून २४ डिसेंबरपर्यंत २६ दिवस होतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला रोज पंधरा मिनिटं लावली तर पहिली मेणबत्ती एकूण साडेसहा तास जळते, दुसरी १९ दिवस म्हणजे पावणेपाच तास, तिसरी तीन तास, चौथी फक्त सव्वा तास. दोन सेंटीमीटर जाड, म्हणजे साधारण रुपयाच्या नव्या नाण्याएवढ्या रुंदीची, सरळ मेणबत्ती तासाला अडीच सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. वीस सेंटीमीटरची घेतलीत तर आठ तास, म्हणजे पुरून उरते. स्वस्त संचांत सेंटीमीटरभर जाडीची, पंधरा सेंटीमीटरची येते. ती तासाला पाच सेंटीमीटरने उतरते, तीन तासांत आटोपते, आणि पहिल्या रविवारची मेणबत्ती बाराव्या दिवशी, तिसरा रविवार उजाडायच्या आतच संपून जाते. तिसऱ्या रविवारी तीन लावायच्या तर हातात दोनच. असा संच घेतलाच असेल तर रोज पाच-सहा मिनिटंच लावा, किंवा जांभळ्या दोन सुट्या आणून ठेवा.

जाड खांबासारख्या मेणबत्त्या मात्र या कामाला बऱ्या नाहीत, हे दुकानात कुणी सांगत नाही. खांब-मेणबत्तीचं मेण वरून काठापर्यंत वितळायला दर अडीच सेंटीमीटर रुंदीमागे तासभर लागतो. पंधरा मिनिटांत विझवत राहिलात तर वात मधोमध विहीर खणत खाली जाते, आणि दुसऱ्या आठवड्यात ज्योत मेणाच्या भिंतीआड बुडते.

आपल्याकडचा दुसरा शत्रू पंखा. वारा लागला की मेणबत्ती एका अंगाने ओघळते आणि वेळ निम्म्यावर येते. पंधरा मिनिटं पंखा बंद, बाल्कनीचं दार लोटलेलं. वात दर वेळी पाच-सहा मिलिमीटरवर कापा, नाहीतर काजळी धरते. संचातल्या प्लास्टिकच्या वाट्या मेणबत्ती तळाला आली की वितळतात, धातूच्या हव्यात. सर्वांत सुरक्षित चक्र घरातच होतं: मध्यम परातीत वाळू भरा, चार मेणबत्त्या चार दिशांना तीन-चार सेंटीमीटर खोल रोवा, परातीच्या काठाने हिरवा पाला. परदेशी सूचिपर्णी झाडाची प्लास्टिकची पानं विकत घेण्याची गरज नाही. सुरूच्या फांद्या किनारपट्टीला मुबलक आहेत, पण त्या आठवड्यात वाळतात आणि वाळला सुरू भुर्रकन पेटतो. दर रविवारी बदला आणि ज्योतीपासून बऱ्याच खाली ठेवा. आंब्याचा टहाळा त्या मानाने शांत. मेणबत्ती बोटभर उरली की काढून नवी लावावी.

जांभळी मिळालीच नाही तर पांढऱ्या मेणबत्तीच्या बुडाशी जांभळी फीत बांधा. भाव जात नाही. बॅटरीच्या मेणबत्त्या दवाखान्यात किंवा वसतिगृहात ठीक. घरात लहान मूल असेल तर बटन-सेलचं झाकण स्क्रूचं आहे का ते बघूनच घ्या. तो सेल गिळला गेला तर आतून भाजतं.

संचातलं प्रार्थनेचं पत्रक बहुधा इंग्रजी असतं. फेकून द्यायला हरकत नाही. चार रविवारांना यशया ९:२-७, मीखा ५:२-५, लूक १:४६-५५ म्हणजे मरीयेचं गीत, मत्तय १:१८-२४. आणि चोवीसच्या रात्री लूक २:१-२०. मोठ्याने वाचायला एकेकाला दोन-तीन मिनिटं लागतात. मग एक गीत, आणि घरातल्या प्रत्येकाने एका माणसाचं नाव घेऊन केलेली एका ओळीची प्रार्थना. पंधरा मिनिटं यातच भरतात. लांबवू नका, तिसऱ्या दिवशीच मुलं मेणबत्ती विझवायची वाट बघू लागतात.

चॉकलेटचं कॅलेंडर

रोज एक खिडकी उघडून आतलं चॉकलेट खायचं, असं हे कॅलेंडर. बहुतेकांत चोवीस खिडक्या, सुरुवात १ डिसेंबरला. २०२६ मध्ये आगमनकाळाचे पहिले दोन दिवस कॅलेंडरात नाहीतच. खिडकीआड बाहुला, हरिण, भेटीचं खोकं. बाळ चोविसाव्या खिडकीत असेल तर नशीब. मूळ कल्पना याच्या अगदी उलट होती. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन घरांत दारावर खडूच्या चोवीस रेघा मारून रोज एक पुसत, किंवा गव्हाणीत रोज एक काडी ठेवत.

चवीचंही फार कौतुक नाही. कोको बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि मुंबईत डिसेंबरच्या दुपारी पारा तीसच्या वर जातो. वितळून पुन्हा गोठलं की चॉकलेटवर पांढरट बुरशीसारखा थर येतो. खायला धोका नाही, पण मूल तोंड वाकडं करतं. फ्रिजमध्ये ठेवलंत तर पुठ्ठा ओला होऊन खिडक्या फाटतात.

त्यापेक्षा रिकाम्या काडेपेट्या जमवा. त्या वर्षी जितके दिवस तितक्या, २०२६ साठी सव्वीस, पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवून. प्रत्येकीत एक चिठ्ठी: एका बाजूला वचनाचा संदर्भ, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी जमेल असं काम. ‘सर्वांवर प्रेम कर’ असलं लिहू नका, मूल वाचून पेटी बंद करतं. ‘वॉचमनकाकांना नावाने हाक मारून नमस्कार कर.’ ‘तुझी बसायची जागा आज ताईला दे.’ ‘गावच्या आजोबांना फोन कर आणि त्यांना बोलू दे.’ शाळेच्या दिवशी सोपी कामं, रविवारी मोठी. चिठ्ठ्या सगळ्या एका बैठकीत लिहून टाका. रोजच्या रोज लिहू म्हणणाऱ्यांचं कॅलेंडर ७-८ तारखेला थांबतं.

तारा आणि माळा

तारा पहिल्या रविवारपासून लावा, मागींनाही तो आधीच दिसला होता. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरलेला पंचकोनी तारा अजूनही सर्वांत सुंदर. आतला प्रकाश कागदातून गाळून येतो तसा प्लास्टिकमधून येत नाही. आत जुना चाळीस वॉटचा पिवळा बल्ब घालू नका, कागद करपतो. पाच ते नऊ वॉटचा एलईडी पुरे, तोही मध्ये टांगलेला, कागदाला न टेकता. घडीच्या कागदी ताऱ्यांत वरची दोरीची भोकं फाटतात. टांगण्याआधी भोकांभोवती दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून मग पुन्हा टोचा. दिवाळीचा आकाशकंदील कागद बदलून वापरणारी घरं आहेत, त्यात कमीपणा काहीच नाही.

संगीताच्या माळा मात्र दुकानातच राहू द्या. तीच धून घरभर दिवसरात्र. ‘जिंगल बेल्स’ हे १८५७ सालचं बर्फावरच्या घोडागाडीचं गाणं आहे, त्यात येशूचं नावही नाही. गोठ्यापुढे ते वाजत असताना लूक वाचून बघा! गोठ्यात साध्या, न लुकलुकणाऱ्या पिवळसर एलईडीची एकच छोटी माळ द्या, पेंढ्यापासून दूर, वायरचा जोड गोठ्याच्या बाहेर.

हॅम्पर आणि केक

तयार हॅम्परच्या टोपलीत तळाला कागदाचा कीस असतो आणि त्यावर वस्तू उंचावलेल्या. कीस दाबून बघा, निम्मी टोपली रिकामी निघते. सांताच्या टोपीतलं अस्वल, चार चॉकलेटं, एक मेणबत्ती, पाव किलो केक. त्याच पैशांत करंज्या, शंकरपाळे, कुलकुल आणि केकचा तुकडा अशी सहा-सात ताटं होतात, आणि ताट घेऊन स्वतः जिना चढावा लागतो, तोच खरा भाग. दिवाळीला शेजारून फराळ आलेला असतो. त्याची परतफेड डिसेंबरात हीच.

विकतचा प्लम केक वाटायचा असेल तर वेष्टण वाचा. हिरवी खूण म्हणजे अंडं नाही, हा मुद्दा अर्ध्या चाळीसाठी महत्त्वाचा. घटकांत रम किंवा ब्रँडी आहे का तेही बघा. मुसलमान शेजाऱ्याला किंवा व्यसन सोडलेल्या माणसाला तो केक देऊन त्याला अडचणीत आणू नका. फळांत ‘कँडीड पपया’ पहिल्या क्रमांकावर असेल तर ती टूटी-फ्रूटीच समजा. बेदाणे आणि मनुका वर हव्यात. मधुमेही शेजाऱ्याला केकऐवजी घरच्या चकल्या, त्याही मोजक्याच. घरकाम करणाऱ्या मावशींना टोपलीपेक्षा रोख रक्कम आणि २५ तारखेची भरपगारी सुट्टी द्यावी.

आणखी एक वस्तू, हॅम्परमध्ये कधी नसते: मातीचा गल्ला. चक्राशेजारी ठेवा, मेणबत्ती लावताना त्यात काही टाका. कोणासाठी ते पहिल्या रविवारीच ठरवा, नाहीतर ३१ डिसेंबरला तो पिझ्झ्यासाठी फुटतो.

आवरताना

बाप्तिस्म्याचा सण झाला की आवरायचं. पेंढा ठेवू नका, उंदीर शोधत येतात, कुंडीत घाला. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई पांढऱ्या झग्याला लागते. जुन्या सुती ओढणीचे तुकडे, प्रत्येक मूर्ती वेगळी, जड खाली, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. माळेची गुंडाळी पुठ्ठ्यावर करा, पुढच्या वर्षी तासभर वाचेल.

आणि बाळ. ते मूर्तींबरोबर ठेवलं की रद्दीच्या कागदात जातं आणि हरवतं. दुकानदार म्हणतो ते असं घडतं. त्याला वेगळी डबी करा, दागिन्याची जुनी डबी चालेल, आत कापूस. डबी कपाटात, रोजच्या बायबलशेजारी. डबीवर चिठ्ठी चिकटवा: ‘२४ रात्री’.